करडईचा मावा

करडईला इतके काटे असतात की काढणीला माणसे हाताला फडकी गुंडाळतात. मला वाटायचे, किडे काट्याला टोचूनच मरत असतील. पण तसे नाही.

मावा म्हणजे मोहरीएवढी काळी, मऊ कीड. ती कोवळ्या शेंड्याला आणि पानाच्या पाठीला बसते. सुईसारखी सोंड आत खुपसते आणि रस पिते. माव्याची मादी अंडी न घालता पिल्लेच देते. आठ-दहा दिवसांत ती पिल्लेही पिल्ले देऊ लागतात. मग काय, सगळा शेंडा काळा! माव्याच्या अंगातून गोड चिकट पाणी पडते. त्यावर काळी बुरशी धरते. पानाला ऊन मिळत नाही, झाडाला अन्न करता येत नाही आणि बोंडात दाणा भरत नाही.

गेल्या वर्षी आमचे तसेच झाले. एरवी घाण्यावरून आणलेले करडईचे तेल दिवाळीपर्यंत पुरते. ते श्रावणातच संपले. त्यात माझी चूक होती. विहिरीकडच्या कडेला मी आप्पांच्या नकळत जास्त युरिया टाकला होता. पाणी दिल्यावर तिथली करडई अशी हिरवीगार झाली की मी खूश! पुढे आभाळ आले आणि मावा पहिल्यांदा तिथेच पडला. आप्पा म्हणाले, "मावा कडेनंच शिरतो." मी गप्प बसले.

मग कृषी सहायक काका आले. ते म्हणाले, युरिया जादा झाला की पान लुसलुशीत होते आणि मावा वाढतो. करडईची कोवळी भाजी आपल्याला आवडते, तशीच माव्यालाही! आमची पेरणीही दिवाळीनंतर झाली होती. शेजारच्या वस्तीवरची करडई घटस्थापनेला पेरलेली. मावा येईपर्यंत ती निबर झाली होती. तिच्यावर मावा होता, पण थोडा.

बियाण्यातही ताकद असते. आपल्या सोलापूरच्या संशोधन केंद्राने १९८२ साली भीमा नावाचे वाण दिले. ते मावा बऱ्यापैकी सहन करते. सहन करते म्हणजे मावा येतच नाही असे नाही बरं का.

यंदा आप्पांनी वेळेवर पेरले आणि खत मापून घातले. मी दर रविवारी बांधाकडेने बघत जाते. चार-पाच झाडांवर मावा दिसला. ते शेंडे मोडून नष्ट केले. पुढच्या झाडावर ढालकिडे मावा खात होते, म्हणून त्याला हात लावला नाही.

परवा मी आप्पांना युरियाचे सांगून टाकले. ते म्हणाले, "मला तवाच कळलं हुतं. पिशवी हलकी लागली हुती." लई रागावले नाहीत.

काढणी अजून व्हायची आहे. कुणाला ढालकिडे बघायचे असतील तर रविवारी वस्तीवर या. चपला घालून या.