पुड्यावरच्या रेघा : कुठला बारकोड कुठे चालतो?



हळद, गूळ पावडर, कोकम, मध, पापड असा घरचा माल पुडे भरून विकणारे गट आता गावोगाव झाले आहेत. आठवडी बाजारात पुड्यावर रेघा असल्या काय नि नसल्या काय, गिऱ्हाईक विचारत नाही. पण शहरातल्या मोठ्या दुकानात माल घेऊन गेलं की पहिला प्रश्न येतो, "बारकोड आहे का?" या विषयावर बऱ्याच श्रोत्यांनी विचारणा केली, म्हणून हे पत्रक.

आधी माझीच एक चूक सांगतो. आमच्या तालुक्यातल्या एका महिला गटाने हळदीचे पुडे छापायला काढले. अध्यक्षताईंनी विचारलं, "साहेब, बारकोड कोणता टाकायचा?" मी म्हणालो, "छापखानेवाला टाकील तो टाका. रेघा त्या रेघाच." छापखान्याने संगणकावर फुकट तयार होणारा कोड-१२८ टाकला, आणि त्यात गटाचं नाव नि वजन इंग्रजी अक्षरांत भरलं. दुकानातल्या यंत्राने तो वाचला, 'टिक' असा आवाजही झाला, पण बिलावर काही उमटेना. दुकानाच्या संगणकाला हवा होता मालाचा १३ आकडी क्रमांक. माल परत आला, आणि पाच हजार पुड्यांवर बायकांनी रात्री जागून हाताने स्टिकर लावले. तेव्हा मी हा विषय नीट शिकून घेतला.

बारकोडात किंमत नसते, मालाचं नाव नसतं. असतो तो फक्त क्रमांक. किंमत आणि नाव दुकानाच्या संगणकात त्या क्रमांकापुढे लिहिलेलं असतं. म्हणून तो क्रमांक जगात दुसऱ्या कुणाच्या मालावर असता कामा नये. कोड निवडताना प्रश्न एकच विचारायचा : हा कोड कोण वाचणार? गल्ल्यावरचं यंत्र, गोदामातला माणूस, की गिऱ्हाइकाचा मोबाईल?

गल्ल्यावर वाचायचा असेल तर आपल्याकडे ईएएन-१३ घ्यावा. त्यात १३ आकडे असतात. भारतात नोंदणी केलेल्यांचे क्रमांक ८९० ने सुरू होतात. ८९० म्हणजे माल भारतातच पिकला असं मात्र नव्हे. क्रमांक घेणारा इथे नोंदलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८९० हा क्रमांक घ्या. पहिल्या बारा आकड्यांपैकी विषम जागांवरच्यांची बेरीज २८. सम जागांवरच्यांची ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. पुढच्या दहाच्या पटीत जायला लागतात तेवढे शेवटी लिहायचे, इथे शून्य. छापताना एखादा आकडा चुकला की हा हिशेब जुळत नाही आणि यंत्र कोड घेतच नाही.

प्रत्येक वजनाच्या पुड्याला वेगळा क्रमांक लागतो. हळद १०० ग्रॅम, २०० ग्रॅम आणि अर्धा किलो म्हणजे तीन क्रमांक. सणासुदीला हळद, तिखट, मसाला एका खोक्यात घालून विकणार असाल तर त्या खोक्यालाही स्वतःचा क्रमांक हवा. काटकसर म्हणून सगळ्यांना एकच टाकला, तर अर्ध्या किलोचा पुडा शंभर ग्रॅमच्या भावात जाईल.

आठ आकडी ईएएन-८ अगदी लहान पुडीसाठी असतो, आणि तो वेगळा मागून घ्यावा लागतो. आकडे कमी म्हणून स्वस्त, असं समजू नका. बारा आकडी यूपीसी-ए हा अमेरिका-कॅनडाकडचा. १९७४ साली ओहायोतल्या एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावर तो पहिल्यांदा वाचला गेला, तिथूनच हे सगळं सुरू झालं. आपल्याला त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यावर आयटीएफ-१४ टाकतात. त्याच्या रेघा जाड असतात, भोवती काळी चौकट असते, त्यामुळे खरबरीत पुठ्ठ्यावरही तो छापता येतो. पुड्याच्या पहिल्या बारा आकड्यांच्या आधी १ लावायचा आणि पडताळणीचा आकडा नव्याने काढायचा. वरच्या नमुन्याचा होईल १८९०१२३४५६७८९७. हा गोदामासाठी आहे, गल्ल्यासाठी नाही. अन्न परवान्याचा क्रमांकही १४ आकडीच असतो. एका गटाने तोच रेघांत छापायला दिला होता! त्या दोघांचा काही संबंध नाही. खरेदीदाराला बॅच आणि मुदतीची तारीखही कोडात हवी असेल तर जीएस१-१२८ लागतो. तो मागेल तेव्हाच करा.

पैसे घेण्याचा क्यूआर हा मालाचा कोड नव्हे. चौकोनी कोड गल्ल्यावर वाचता यावेत म्हणून जगभर २०२७ अखेरचं लक्ष्य ठेवलं आहे, पण तूर्त रेघांचा कोड पुड्यावर असू द्या.

आता छपाई. ईएएन-१३ चं मूळ माप आजूबाजूच्या मोकळ्या जागेसह सुमारे ३७ बाय २६ मिलिमीटर. ऐंशी टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे ३० बाय २१ पर्यंत लहान करता येतो, त्याखाली नको. दोन्ही बाजूंची मोकळी जागा नक्षीने भरू नका. काळ्या रेघा पांढऱ्यावर सर्वांत चांगल्या. लाल रेघा तर नकोतच, कारण यंत्राचा उजेड बहुधा लाल असतो आणि त्याला लाल रेघा दिसतच नाहीत. पारदर्शक पिशवीवर आधी पांढरा पट्टा छापून घ्या. मधाच्या बारीक बाटलीवर रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ठेवा. जोडावर किंवा घडीवर कोड येऊ देऊ नका.

क्रमांक जीएस१ इंडिया या संस्थेकडून गटाच्या किंवा कंपनीच्या नावाने घ्यावा. त्याला शुल्क आहे, नूतनीकरणही आहे. सवलतीच्या योजना बदलत असतात, जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. 'स्वस्तात क्रमांक देतो' म्हणणारे भेटतील. ते क्रमांक नोंदवहीत बहुधा दुसऱ्याच्या नावावर असतात, आणि दुकानदाराने तपासलं की माल अडतो.

छपाईची मोठी ऑर्डर देण्याआधी नमुन्याच्या पिशवीत खरोखर हळद भरा, तोंड बंद करा आणि दुकानात नेऊन वाचून घ्या. रिकामी सपाट पिशवी वाचली जाते, भरून फुगली की अडते, असं होतं.

जुने छापलेले पुडे असतील तर टाकू नका. नव्या कोडाचा स्टिकर जुन्या कोडावर असा लावा की तो पुरता झाकला जाईल. अर्धा उघडा राहिला तर यंत्र कधी हा वाचतं, कधी तो.