अल्प खर्चाच्या चित्रपटासाठी भिंगाची निवड

चित्रपटाच्या साधनांत कॅमेऱ्याची चर्चा सर्वांत अधिक होते. परंतु पडद्यावर दिसणारी प्रतिमा प्रथम घडते ती भिंगात. कॅमेरा काही वर्षांत मागे पडतो, चांगले भिंग मात्र एकामागून एक अनेक कॅमेऱ्यांवर चालू शकते. म्हणून ज्यांच्याजवळ पैसा बेताचा आहे त्यांनी भिंगाची निवड विशेष विचारपूर्वक करावयास हवी.

उदाहरणादाखल बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा हा भाग घेऊ. संगणक कंपन्यांची कार्यालये आणि त्यांच्या आसपास उभ्या राहिलेल्या बहुमजली इमारती असे त्याचे आजचे स्वरूप आहे. नोकरीनिमित्त येथे राहणाऱ्या चार मराठी तरुणांनी वर्गणी काढून वीस मिनिटांचा लघुपट करण्याचे ठरविले आहे अशी कल्पना करू. चित्रणाचे स्थळ म्हणजे एकाच्या सदनिकेतील दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोली, सवड शनिवार-रविवारची, नट हौशी. हौशी नटाला एखादा प्रसंग एकदाच मनासारखा साधतो. त्याच वेळी त्याचा चेहरा धूसर आला तर तो प्रसंग गमावल्यासारखाच होतो. तेव्हा भिंग स्वस्त की महाग, यापेक्षा ते भरवशाचे आहे की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

भरवसा म्हणजे काय, हे भिंगाच्या कड्यावरून कळते. नट दारातून खुर्चीपर्यंत चालत येतो तेव्हा सहायकाला फोकसचे कडे एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत फिरवावे लागते. स्वयंचलित फोकसच्या पुष्कळशा नव्या भिंगांत हे कडे काचांशी यांत्रिक रीतीने जोडलेले नसते. ते विजेच्या संदेशाने काम करते, आणि कित्येकदा कडे किती वेगाने फिरविले यावर काचांची जागा ठरते. अशा कड्यावर केलेली खूण दुसऱ्या वेळी खरी ठरत नाही. हाताने चालविण्याच्या भिंगात खूण तिथेच राहते. चित्रपटासाठी बनविलेल्या भिंगाचे कडे बरेच फिरते, त्यामुळे बारीक फेरफार करता येतो. त्यावर दाते असतात आणि छिद्राचे कडे टप्प्याटप्प्याने न अडखळता सलग फिरते. कोरियातील सॅमयांग, चीनमधील मेइके आणि सेव्हन आर्टिझन्स यांनी अशी भिंगे सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली आहेत. याहून कमी खर्चाचा मार्ग म्हणजे छायाचित्रणाची जुनी भिंगे. सोव्हिएत बनावटीच्या ५८ मि.मी.च्या हेलिओस ४४-२ या भिंगात छिद्राचे सलग फिरणारे कडे मुळातच आहे.

केंद्रांतर किती असावे, हे साध्या त्रैराशिकाने काढता येते. सेन्सरच्या रुंदीला नटापर्यंतच्या अंतराने गुणावे आणि केंद्रांतराने भागावे, म्हणजे चौकटीत मावणारी रुंदी मिळते. सेन्सर २४ मि.मी. रुंद असून नट दोन मीटरवर असेल, तर २४ मि.मी.च्या भिंगात दोन मीटर, ३५ मि.मी.च्या भिंगात सुमारे १.३७ मीटर आणि ५० मि.मी.च्या भिंगात ९६ सें.मी. रुंदी मावते. वरील खोलीत कॅमेऱ्याची तिवई ठेवल्यावर याहून फारसे मागे सरकता येणार नाही. म्हणून एकच भिंग घ्यावयाचे तर ते ३५ मि.मी.चे घ्यावे, ८५ मि.मी.चे भिंग तेथे जवळजवळ केवळ चेहराच दाखवील.

छिद्राच्या अंकावर भुलून जाऊ नये. एफ-अंक म्हणजे केंद्रांतर आणि छिद्राचा व्यास यांचा भागाकार. काचांत वाया जाणाऱ्या प्रकाशाची दखल त्यात नसते. ती टी-अंकात घेतलेली असते. एफ २ च्या भिंगातून ८१ टक्के प्रकाश पार होत असेल तर त्याचा टी-अंक सुमारे २.२ भरतो. शिवाय मोठे छिद्र नेहमी उपयोगी पडतेच असे नाही. याच कॅमेऱ्यावर ५० मि.मी.च्या भिंगाने दोन मीटरवरील चेहरा एफ २ वर टिपताना सुमारे १६ सें.मी. इतकाच पट्टा स्पष्ट राहतो. एफ ४ वर तो दुप्पट होतो. नवख्या सहायकाला एफ ४ अधिक सोयीचे. वाचलेला पैसा एखाद्या दिव्यावर खर्च करणे शहाणपणाचे होय.

जुने भिंग घेताना ते कॅमेऱ्यावर बसेल काय, हे पाहावे. निकॉनच्या जुन्या पद्धतीत भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मि.मी. असते, सोनीच्या ई बैठकीत ते १८ मि.मी. आहे. मधले २८.५ मि.मी. एका पोकळ कड्याने भरून निघतात, काचेची गरज पडत नाही. उलट दिशेने मात्र ही जोडणी साधत नाही.

खरेदीपूर्वी परीक्षा घ्यावी. विजेरीच्या उजेडात आत बुरशी किंवा धुरकटपणा आहे काय, हे पाहावे. फीत लावून एक मीटर व दोन मीटर अंतरावर खुणा कराव्यात, कडे दहा वेळा मागेपुढे फिरवावे आणि दर वेळी प्रतिमा त्याच खुणेवर स्पष्ट होते काय, हे मोठी करून तपासावे. फोकस बदलताना चौकट लहानमोठी होत असेल तर तेही ध्यानात घ्यावे.

थोड्या साधनांवर आधी लहान प्रयोग करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. मोठ्या चित्रपटाला हात घालण्यापूर्वी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ महिनाभराहून अधिक काळ रोज एकेक चित्र घेऊन टिपली. त्या लहानशा फितीने यंत्राची परीक्षा झाली आणि भांडवल देणाऱ्याची खात्रीही पटली. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला. महादेवपुऱ्यातील आपल्या चौघांनीही पहिले भिंग एका दिवसापुरते भाड्याने आणून त्याच खोलीत, त्याच नटांसह, एक प्रसंग टिपून पाहावा. खुणा जागेवर राहिल्या तर मगच वर्गणीच्या पैशाला हात लावावा.