पौरोहित्याचा अधिकार : वृत्ति कीं योग्यता ?

महाड तालुक्यांतील सव हें गांव सावित्रीच्या कांठीं असून तेथील उष्णोदकाच्या झऱ्यांमुळें प्रसिद्ध आहे. त्याच्या आसमंतांत, सावित्री व तिला मिळणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत, चार स्थळें अशीं आहेत कीं, त्यांचा इतिहास आजवर वेगवेगळा लिहिला गेला : गांधारपाल्याचीं बौद्ध लेणीं, दुर्ग रायगड, महाडचें चवदार तळें, आणि नदीच्या मुखाशीं असलेलें बाणकोट. या चारही स्थळांच्या इतिहासांत एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांनीं आढळतो. धर्मकृत्य चालविण्याचा अधिकार कोणास, आणि तो कशानें प्राप्त होतो ? जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांच्या हातीं या प्रश्नाचा बराच पुरावा असल्यामुळें त्याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ज्याच्यासाठीं कर्म व्हावयाचें तो यजमान; जो तें कर्म करवितो तो ऋत्विज अथवा पुरोहित. यजमानाचा अधिकार आणि पुरोहिताचा अधिकार हे दोन स्वतंत्र प्रश्न होत. आमच्याकडील बहुतेक गाजलेले वाद पहिल्या प्रश्नावर झाले; आणि पहिला सुटला म्हणजे दुसराही सुटला, असा समज अनेकदां करून घेण्यांत आला.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील सहाव्या अध्यायाचा पहिला पाद यजमानाच्या अधिकाराचा आहे. यज्ञाचा अधिकार पुरुषासच, असें ऐतिशायनाचें मत. तें खोडून पतीसह स्त्रीसही अधिकार आहे, हा पक्ष तेथें स्थापिलेला आहे. चारही वर्णांस अधिकार असावा असें बादरीचें मत होतें. तें सिद्धान्तांत टिकलें नाहीं. तथापि रथकारास अग्न्याधानाचा आणि निषादस्थपतीस एका विशिष्ट इष्टीचा अधिकार श्रुतीच्या बळावर मान्य करावा लागला. ज्याचें अंगवैकल्य बरें होण्याजोगें आहे त्यास वगळूं नये, असेंही तेथें ठरलें आहे. ऋत्विजाचें काम मात्र ब्राह्मणाचेंच, असा मीमांसेचा निर्णय आहे. तो आम्ही झांकून ठेवीत नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, अधिकाराची मर्यादा हा प्राचीनांच्या दृष्टीनें वादविवादाचा विषय होता, आणि विरुद्ध मत देणाऱ्याचें नांवही सूत्रांत जपून ठेवलेलें आहे.

गांधारपाल्याच्या लेण्यांत कुमार काणभोअ व्हेणुपालित याचा दानलेख आहे. अशा लेण्यांतून राहणारा भिक्षुसंघ ज्या विनयानुसार चाले, त्यांत उपसंपदेच्या अटी स्पष्ट सांगितलेल्या आहेत. उमेदवार कर्जबाजारी नसावा, दास नसावा, राजाच्या चाकरींत नसावा, त्यास आईबापांची अनुमति असावी, वय वीस वर्षें पूर्ण असावें. आणि संघासमोर प्रश्न विचारून मगच त्यास दीक्षा द्यावी. जन्मजातीची अट त्यांत नाहीं. उपालि हा न्हावी शाक्य कुमारांच्या आधीं प्रव्रजित झाला, आणि ज्येष्ठतेच्या नियमानें त्या कुमारांनीं त्यास वंदन केलें. भिक्षुणींवर मात्र आठ गुरुधर्म घालण्यांत आले, आणि जुन्यांत जुन्या भिक्षुणीनेंही नव्या भिक्षूस वंदन करावें असें ठरलें. म्हणजे जन्माची अट गेली, तरी स्त्रियांस समान स्थान मिळालें नाहीं.

आतां रायगडाकडे वळूं. शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १३, म्हणजे ६ जून १६७४ रोजीं गागाभट्टाच्या हातून शिवछत्रपतींचा वैदिक राज्याभिषेक झाला. तत्पूर्वीं महाराजांची मुंज करण्यांत आली. गागाभट्ट हा स्वतः मीमांसक, ‘भाट्टचिंतामणि’ या ग्रंथाचा कर्ता. त्यानें सोडविला तो यजमानाच्या अधिकाराचा प्रश्न. पण त्याच वर्षीं २४ सप्टेंबर रोजीं त्याच गडावर निश्चलपुरी गोसाव्यानें तांत्रिक विधीनें दुसरा अभिषेक केला, आणि त्याची हकीकत ‘शिवराज्याभिषेककल्पतरु’ या संस्कृत ग्रंथांत आलेली आहे. निश्चलपुरीचा अधिकार वैदिक घराण्याचा नव्हता; तो त्याच्या पंथाचा व दीक्षेचा होता. एकाच राजानें चार महिन्यांच्या आंत दोन निराळ्या प्रमाणांचे आचार्य स्वीकारले, ही गोष्ट वेदोक्ताच्या चर्चेंत जितकी यावी तितकी येत नाहीं.

कोल्हापुरास १८९९ सालीं वेदोक्ताचा वाद उपस्थित झाला तोही प्रथम यजमानाच्याच अधिकाराचा होता : छत्रपतींच्या घरचीं कर्में वेदमंत्रांनीं व्हावीं कीं पुराणोक्त पद्धतीनें ? शाहू महाराजांच्या बाजूनें त्याचा शेवट झाला. परंतु मंत्र म्हणणारा कोण, हा दुसरा प्रश्न उरलाच. तो ओळखून महाराजांनीं १९२० सालीं मराठा पुरोहित तयार करण्यासाठीं वैदिक विद्यालय काढलें व क्षात्रजगद्गुरूच्या पीठावर सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांची नेमणूक केली. त्यापूर्वीं १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं स्थापिलेल्या सत्यशोधक समाजानें तर ब्राह्मण पुरोहितावांचून लग्नें लावण्याचा मार्ग धरला होता.

येथें संग्राहकांच्या दप्तरांतील पुराव्याचा विचार करूं. ग्रामजोशाची वृत्ति ही वतन होती. ती बापाकडून मुलाकडे जाई, भावाभावांत वांटली जाई, गहाण पडे, विकलीही जाई. क्षेत्राच्या ठिकाणीं पूजेच्या पाळ्या दिवसांनीं मोजून वांटीत. वृत्तीच्या तंट्यांतील महजर, वृत्तिपत्रें व निवाडपत्रें यांत वादी आपल्या वडिलांचा भोगवटा शाबीत करूं पाहतो. मला अमुक इतकें अध्ययन आहे, म्हणून वृत्ति माझी, असा दावा क्वचितच दृष्टीस पडतो. इंग्रजी अमदानींत न्यायालयांनींही ही मालमत्ताच मानली. यजमानानें आपल्या पसंतीचा दुसरा भटजी बोलाविला तरी वतनदार जोशास आपला हक्क फिर्याद करून वसूल करतां येई. जें गहाण ठेवतां येतें तें अध्ययनानें मिळविलेलें नसतें. तेव्हां वंशपरंपरागत पौरोहित्याचें समर्थन शास्त्राच्या नांवानें करणाऱ्यांस आमचें सांगणें असें कीं, कागद तें समर्थन करीत नाहींत. कागद मालकी दाखवितात, योग्यता दाखवीत नाहींत.

ही सक्ती मोडण्याचा कायदा मुंबईच्या कायदेमंडळांत १९२६ सालीं सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नानें झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांस खुले करावे, हा १९२३ च्या ऑगस्ट महिन्यांतील ठरावही याच बोले यांचा. त्या ठरावास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें केल्याचें जाहीर केलें, आणि २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं हजारों अनुयायांसह त्या तळ्याचें पाणी घेऊन तो हक्क बजावला. त्या दिवशीं ही मंडळी वीरेश्वराच्या देवळांत शिरणार अशी अफवा उठून परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. पुढें २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाडासच मनुस्मृतीचें दहन झालें. तो ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण गृहस्थानें मांडला होता. तळ्याचा कोर्टांतील वाद १९३७ सालीं मुंबई हायकोर्टांत अस्पृश्यांच्या बाजूनें संपला.

तळ्याचा प्रश्न हा उपभोगाचा, म्हणजे यजमानाच्या बाजूचा. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनावरील निबंधांत दिलें. पुरोहितवर्ग नसणें हेंच बरें. पण तो ठेवावयाचा तर वंशपरंपरा बंद व्हावी, प्रत्येक हिंदूस पुरोहित होतां यावें, सरकारी परीक्षा उतरून सनद मिळविल्यावांचून कोणीं पौरोहित्य करूं नये, व गैरवर्तनाबद्दल पुरोहितास जाब द्यावा लागावा, असें त्यांचें म्हणणें होतें. सनद हा शब्द आमच्या वाचकांच्या ओळखीचा आहे. फरक इतकाच कीं, जुनी सनद वंशास मिळे; ही व्यक्तीस, परीक्षेनंतर मिळावयाची होती.

हा प्रश्न हिंदूंपुरताच आहे असें मात्र नाहीं. सावित्रीच्या मुखाशीं बाणकोटास १८२३ सालीं स्कॉटिश मिशनऱ्यांनीं ठाणें घातलें. पुढें तें कार्य मुंबई-पुण्याकडे गेलें. हे लोक प्रेसबिटेरियन, म्हणजे बिशपाऐवजीं पाळक व मंडळींचे वडील यांच्या सभेनें चालणारे. उमेदवाराची परीक्षा ती सभा घेते, आणि मग हस्तार्पण होऊन तो पाळक होतो. येथेंही दीक्षा घेणाऱ्याचा अधिकार आधीं मान्य झाला, देणाऱ्याचा मागाहून. त्या मिशनांतून प्रथम धनजीभाई नवरोजी (१८४६) व पुढें नारायण शेषाद्रि (१८५४) हे एतद्देशीय पाळक झाले. स्त्रियांस पाळकपद देण्यास स्कॉटलंडच्या चर्चला १९६८ साल उजाडलें. अमेरिकेंतील प्रेसबिटेरियनांच्या उत्तरेकडील शाखेनें तें १९५६ सालीं दिलें. आणि तेथील मुख्य प्रेसबिटेरियन चर्चनें समलिंगी व्यक्तींस पाळकपदापासून दूर ठेवणारी अट २०११ सालीं आपल्या घटनेंतून काढली. परीक्षेची पद्धति आरंभापासून होती. तरी परीक्षेला कोणीं बसावें, हें ठरविण्यांत एवढा काळ गेला.

यावर एक आक्षेप विचारार्ह आहे. वंशपरंपरा नसती तर वेदपाठ अक्षरशः टिकला नसता, असें म्हणतात. पाठ टिकविणाऱ्या घराण्यांचें ऋण आम्हांसही मान्य आहे. पण पाठ टिकला तो घनपाठी अध्ययनानें. वृत्तीच्या वांटणीपत्रानें नव्हे. अध्ययन हेंच जर कारण, तर जो तें करील त्यास अधिकार द्यावयास हरकत कोणती ? शिवाय कोकणांतील ग्रामदेवतांची पूजा गुरवांकडे आणि लिंगायतांचें पौरोहित्य जंगमांकडे परंपरेनेंच आहे. पौरोहित्य एकाच वर्णाचें होतें, हें म्हणणें आमच्याच गांवांत टिकत नाहीं.

कालही पुढें गेला आहे. पूजाविधि जाणणारा ब्राह्मणेतरही पुजारी होऊं शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें केरळांतील एका खटल्यांत २००२ सालीं दिला. पंढरपुरास बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क २०१४ सालीं त्याच न्यायालयाच्या निकालानें संपले, आणि मंदिर समितीनें सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून पुजाऱ्यांच्या जागांसाठीं अर्ज मागविले. पुण्यास ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थेनें स्त्रियांस पौरोहित्य शिकविलें आहे. आमचें मत असें कीं, अट असावी ती ज्ञानाची व आचरणाची. ती सर्वांस सारखी व उघड तपासलेली असावी. जन्म, जात व स्त्रीपुरुषभेद यांस तींत स्थान नसावें.

संग्राहकांस शेवटची विनंति. वृत्तीचा हक्क गेल्यामुळें जोशी-उपाध्यांच्या घरांतील कागद निरुपयोगी समजून रद्दींत जातात. ते जाऊं देऊं नयेत. त्यांच्याबरोबरच गुरवांचीं, जंगमांचीं व गोसाव्यांचीं दप्तरें, आणि मिशनच्या जुन्या नोंदवह्याही मिळवाव्या. प्रत्येक कागदावर एवढें टिपून ठेवावें कीं, त्यांत अधिकार कशावर मागितला आहे : वडिलांच्या भोगवट्यावर, गुरूच्या दीक्षेवर, कीं स्वतःच्या अध्ययनावर. अशीं टिपणें चार तालुक्यांतून जमलीं, तर पौरोहित्याचा वाद केवळ वचनांवर न चालतां पुराव्यावर चालेल.