सामान मागायचे की उचलायचे?

मागच्या दिवाळीआधी आमच्या गटाने तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या सुपरमार्केटमध्ये नाचणीच्या पापडांची चाळीस पाकिटे ठेवली. दोन महिन्यांनी एकतीस परत आली. पापडात खोट नव्हती. मग आम्ही पाचजणी पिशव्या घेऊन त्या दुकानात गेलो आणि नुसत्या फिरलो.

आमचे पापड सगळ्यात खालच्या फळीवर, फिनाईलच्या शेजारी! दिसणार कसे?

बाकीचे दुकानही नीट पाहिले. साखर, तेल, तांदूळ, म्हणजे जे घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, ते पार मागच्या भिंतीला. तिथे पोहोचेपर्यंत बिस्किटे, शाम्पू, नूडल्स ओलांडावे लागतात. डोळ्यांसमोरच्या फळीवर दुकानदाराला जास्त खपवायचा माल. पैसे देतो तिथे चॉकलेटे, तीही बरोबर पोरांच्या हाताला लागतील अशी.

ही पद्धत आली कुठून? किराणा दुकानात आपण यादी सांगतो, दुकानदार सामान काढून देतो. अमेरिकेतही तसेच होते. 1916 साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी 'पिगली विगली' नावाचे दुकान काढले. दारात टोपली घ्यायची, एकाच वाटेने वळणे घेत सगळ्या फळ्यांसमोरून जायचे, शेवटी रोख पैसे द्यायचे. प्रत्येक वस्तूची किंमत लिहिलेली. नोकर कमी लागले, माल स्वस्त देता आला. चाकांची गाडी आली ती 1937 साली. आपल्याकडे मुंबईत नायगावच्या कामगारांनी 1948 साली सहकारी ग्राहक भांडार काढले, तेच पुढे 'अपना बाजार' झाले.

आम्हाला विचाराल तर यात बाईमाणसाची एक सोय झाली. किंमत वाचून वस्तू परत ठेवली तरी "काय वहिनी, महाग वाटलं?" असे कोणी विचारत नाही. पण उधारीची वही गेली. जिची मजुरी आठवड्याने मिळते तिला त्या वहीचाच आधार, म्हणून गावचे किराणा दुकान आम्ही सोडलेले नाही.

दुकानदारदादांशी बोललो. डोळ्यांसमोरची फळी मिळणार नाही म्हणाले. लोणच्याशेजारी, कमरेच्या उंचीला, हातभर जागा दिली, तीही एक महिन्यासाठी. आम्ही किंमत मोठ्या अक्षरांत लिहिली. पंधरा दिवसांत बावीस पाकिटे गेली. जागा पुढे राहील की नाही, ते येत्या सोमवारी कळेल.