फाइल शाबूत आहे, फॉन्ट मागे राहिलाय

विंडोज 10 ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. छापखान्यांत, पतसंस्थांत, शाळांच्या कार्यालयांत वर्षानुवर्षे रेटलेली यंत्रे बदलायची वेळ आली, आणि त्याबरोबर एक जुनी तक्रारही नव्याने ऐकू येऊ लागली : फाइल उघडते, पण मराठीच्या जागी रोमन अक्षरांची भेळ दिसते. काही फायली तर उघडतच नाहीत. मग जो तो आपापले निदान सांगतो, आणि त्यातली बरीच निदाने चुकीची असतात.

गैरसमज : अपग्रेड करताना फाइल करप्ट झाली, नाहीतर व्हायरस लागला.

बहुतेक वेळा फाइलमधले एक अक्षरही बदललेले नसते. कृतीदेव या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलमध्ये ‘मराठी’ हा शब्द मुळात साठवलेलाच नसतो. तिथे ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरे असतात. ‘ई’च्या जागी ‘म’चे चित्र काढायचे, ‘जे’च्या जागी ‘र’चे, हे काम फॉन्ट करतो. फॉन्ट गेला की संगणक फाइलमध्ये जे आहे तेच प्रामाणिकपणे दाखवतो. जुन्या यंत्राच्या विंडोज फोल्डरमधल्या ‘फॉन्ट्स’मधून तो फॉन्ट आणून नव्या यंत्रावर बसवला की मजकूर परत वाचता येतो. घाबरून ती फाइल साध्या टेक्स्टच्या रूपात सेव्ह केली, तर मात्र कुठला मजकूर कुठल्या फॉन्टमध्ये होता ही माहितीच पुसली जाते. खरे नुकसान इथे होते, आणि ते आपल्याच हातून होते.

आणखी एक खोच आहे. नव्या वर्डमध्ये वाक्याचे पहिले अक्षर आपोआप कॅपिटल करण्याची सोय चालू असते. कृतीदेवमध्ये छोटा ‘ई’ म्हणजे ‘म’ आणि मोठा ‘ई’ म्हणजे अर्धा ‘म्’. त्यामुळे ‘म’ने सुरू होणारे वाक्य टाइप केले की पहिलेच अक्षर मोडते. दोष कीबोर्डला दिला जातो. बंद करायचे असते ऑटोकरेक्ट.

गैरसमज : सगळा मजकूर निवडून ‘मंगल’ केला की झाले युनिकोड.

हा गैरसमज सगळ्यांत चिवट. युनिकोड हा फॉन्ट नाही. कुठल्या अक्षराला कुठला क्रमांक, हे ठरवणारी ती व्यवस्था आहे. ‘म’ला तिथे स्वतःचा क्रमांक आहे, मग फॉन्ट मंगल असो वा निर्मला. कृतीदेवच्या मजकुराला मंगल लावला तर इंग्रजी अक्षरे इंग्रजीच राहतात. त्यासाठी कन्व्हर्टर लागतो, तोही त्या त्या फॉन्टचा. श्रीलिपीची मांडणी वेगळी, सी-डॅकच्या आयएसएममधल्या सुरेखची वेगळी. एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही.

कन्व्हर्टरवरही डोळे मिटून विसंबू नये. कृतीदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे उलटे : तिकडे नंतर, इकडे आधी. ही सगळी उलथापालथ करताना जोडाक्षरे हमखास घसरतात, म्हणून रूपांतरानंतर मुद्रितशोधन हवेच.

गैरसमज : फाइलच्या नावाची शेपटी बदलली की फाइल उघडते.

डॉकची डॉक्सएक्स केल्याने आतली रचना बदलत नाही. वर्ड 97 नंतरच्या डॉक फायली आजचे वर्ड सरळ उघडते. त्याहून जुन्या फायली ते सुरक्षेसाठी अडवते किंवा नुसत्या वाचू देते. त्याचे बटण ‘ट्रस्ट सेंटर’मधल्या ‘फाइल ब्लॉक सेटिंग्ज’मध्ये आहे.

गैरसमज : जुने सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालतच नाही.

विंडोज 11 फक्त 64 बिटची आहे, तरी 32 बिटचे प्रोग्राम तिच्यावर चालू शकतात. 16 बिटचे मात्र नाहीत, आणि गोची अशी की काही जुन्या पॅकेजांत प्रोग्राम 32 बिटचा, पण त्याचा इन्स्टॉलर 16 बिटचा असतो. ड्रायव्हरच्या बाबतीत तर सवलतच नाही : 64 बिटच्या विंडोजला 64 बिटचाच ड्रायव्हर लागतो. त्या काळची बरीच मराठी सॉफ्टवेअर संगणकाला जोडायच्या हार्डवेअर लॉकवर चालत. लॉकचा नवा ड्रायव्हर नसेल, तर सीडी जपून ठेवूनही उपयोग नाही.

पाने मांडायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची गोष्ट आणखी बिकट. त्याची शेवटची 7.0 ही आवृत्ती 2001 सालची. अडोबीचेच इनडिझाइन पेजमेकर 6.0 पासूनच्या फायली उघडत असे, पण सीएस6 पर्यंतच. पुढच्या आवृत्त्यांतून ती सोय काढून टाकली. म्हणजे जुने अंक, पुस्तके, अहवाल पेजमेकरमध्ये असतील तर ते बाहेर काढायचे काम जुने यंत्र चालू आहे तोवरच करायला हवे. फॉन्ट आत घेऊन केलेल्या पीडीएफने पानाचे रूप टिकते. मजकूर मात्र त्या पीडीएफमधून कॉपी केला की पुन्हा तेच ई, जे, के हाती येतात. तो वेगळा काढून युनिकोडमध्ये आणावा लागतो.

गैरसमज : एकदा अपग्रेड केले की मागे फिरता येत नाही.

येते. विंडोज 10 वरून 11 वर गेल्यानंतर साधारणतः 10 दिवस सेटिंग्जच्या ‘रिकव्हरी’मध्ये ‘गो बॅक’ हा पर्याय असतो. जुनी विंडोज तोवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये ठेवलेली असते; मुदत संपली की विंडोजच ते फोल्डर काढून टाकते. त्यामुळे सगळ्या जुन्या फायली एकेक उघडून बघण्याचे काम पहिल्याच आठवड्यात उरकावे. ‘डिस्क क्लीनअप’ला तोवर हात लावू नये.