अकोल्याचे अमरावतीला, अमरावतीचे अकोल्याला

सकाळी ७.३५, बडनेरा

मी राहते बडनेऱ्याला आणि नोकरी अकोल्याला, सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये समुपदेशक म्हणून. डब्यात रोजचेच अपडाऊनवाले असतात, मास्तर, बँकेतले, महावितरणचे, कॉलेजची पोरं. आणि कधीकधी असा एखादा माणूस, जो दहा वाजता माझ्यासमोरच्या खुर्चीत बसणार असतो. आपण होऊन ओळख दाखवायची नाही, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम. त्याला बोलावंसं वाटलं तर तो बोलेल.

अमरावतीच्या इर्विन या सरकारी दवाखान्यातही हीच सोय आहे, हीच औषधं आहेत आणि तीही फुकट. तरी अमरावतीची माणसं अकोल्याला येतात, कारण इर्विनच्या बाकावर शेजारपाजारचं कोणी भेटायची भीती. अकोल्याची माणसं त्याच भीतीपोटी अमरावतीला जातात. मूर्तिजापूर-दर्यापूरकडचे दोन्हीकडे विखुरलेले. गाडीभाडं जातं, मजुरी पडते, ते एक वेळ सोसता येईल. पण 'जाऊ पुढच्या हप्त्यात' म्हणत जे दिवस जातात ते सगळे आजाराच्या पदरात पडतात. माझ्या कामातलं निम्मं दुःख या वाट पाहण्यातून आलेलं आहे. आजार बहुतेक वेळा साधा असतो.

९.३०, क्लिनिक

कपाट उघडून किट मोजून घेते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं ठरवून दिलेली ही सात रंगांची पाकिटं. स्रावाला करडं, पांढरं जाण्याला हिरवं, जखमेला पांढरं, पेनिसिलिन न चालणाऱ्याला निळं, नागिणीसारख्या फोडांना लाल, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळं, जांघेतल्या गाठीला काळं. लक्षण पाहून डॉक्टर त्याच दिवशी पुरतं औषध देतात. 'रिपोर्ट आल्यावर या' म्हटलेला माणूस पुष्कळदा परत येत नाही, म्हणून ही पद्धत.

१०.१०

पहिला पोरगा पंचविशीतला, सकाळी माझ्याच डब्यात होता. खुर्चीच्या टोकावर बसला आणि दाराकडे पाहत बोलला, "मॅडम, लघवीच्या जागेतून पू येते. जळजळ तं इतकी होते का लघवीले जावंच वाटत नाही."

किती दिवस झाले? तीन आठवडे. आधी मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेतल्या, दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा सुरू. गोळ्यांची रिकामी पट्टी खिशातच होती, सिप्रोफ्लॉक्सासिन. परम्याच्या जंतूंवर हे औषध आपल्या देशात कधीचंच चालेनासं झालं आहे. अर्धवट औषधानं पू कमी होतो, जंतू राहतात आणि जोडीदाराकडे जात राहतात.

डॉक्टरांनी काचपट्टीवर नमुना घेतला. थोड्या वेळानं लॅबमधल्या भाऊंनी मला हाक मारली, "मॅडम, या, पाहून घ्या." सूक्ष्मदर्शकाखाली पुवाच्या फिकट पेशी, आणि त्यांच्या पोटात गुलाबी ठिपक्यांच्या जोड्या, सपाट बाजू एकमेकींकडे केलेल्या. आल्बर्ट नायसरनं १८७९ मध्ये पहिल्यांदा पाहिले ते हेच जंतू. संबंध आल्यापासून बहुधा दोन ते पाच दिवसांत ते लक्षण दाखवतात. बायांमध्ये मात्र पुष्कळदा काहीच दाखवत नाहीत, आतल्या आत गर्भनलिकेपर्यंत चढतात. याच्या जोडीला पुष्कळदा क्लॅमिडिया असतो, तो आणखी गुपचूप. म्हणून करड्या किटमध्ये दोन औषधं, सेफिक्सिम आणि ॲझिथ्रोमायसिन. दोन्ही त्यानं माझ्यासमोर पाण्यासोबत घेतली.

सात दिवस संबंध नाही, त्यानंतर निरोध. एचआयव्हीची आणि सिफिलिससाठीची व्हीडीआरएल चाचणी आजच, एचआयव्ही तीन महिन्यांनी पुन्हा. हे सगळं तो मान डोलवत ऐकत होता. "जिच्याशी संबंध आला तिलाही औषध लागेल," म्हटल्यावर मान थांबली.

"तिले कसं सांगू जी? ते मलेच म्हणन का तूच घेऊन आला."

"म्हणू दे. पण तिला पुढं मूल व्हायला अडचण आली तर कोणालाच सांगता येणार नाही. चिठ्ठी देते, त्यावर आजाराचं नाव नाही. अमरावतीतच इर्विनला दाखवली तरी चालेल."

चिठ्ठी त्यानं चार घड्या करून पाकिटात ठेवली. नेऊन देईल का, मला माहीत नाही. दुपारपर्यंत ती चिठ्ठीच डोक्यात होती.

११.१५

आता बाया. दसऱ्यानंतरचे दिवस, सोयाबीनची सोंगणी आटपत आलेली, कापसाची पहिली वेचणी तोंडावर. या दिवसांत आलेली बाई मजुरी टाकून आलेली असते, तिला बाहेर ताटकळत ठेवायचं नाही. पातूरकडच्या एक मावशी बसल्याच नाहीत, उभ्यानंच म्हणाल्या, "अंगावरून पांढरं जाते. कंबर तं पार गेली. पिशवी काढून टाकू का?"

हा प्रश्न मला आठवड्यातून कितीदा ऐकू येतो! पांढरं जातं म्हणून गर्भाशयच काढायचं, असं कोणीतरी या बायांना सांगत असतं. बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, त्या वेळी सारा महाराष्ट्र हळहळला. इथं एकेकटीला सांगणारे अजून आहेतच.

मी मावशींना बसवलं आणि एकेक विचारत गेले. पाळीच्या मधल्या दिवसांत पाण्यासारखं, बिनवासाचं जातं ते शरीराचं नेहमीचं काम, त्याला औषध नाही. दह्याच्या कवडीसारखं आणि खाज सुटणारं असेल तर बुरशी. मासळीसारखा वास आणि राखाडी स्राव असेल तर आतल्या चांगल्या जंतूंचा तोल गेलेला. या दोन्हीत नवऱ्यावर संशय घेण्याचं कारण नाही. हिरवट, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास, आणि तो संबंधातून येतो, तिथं नवऱ्यालाही गोळ्या. नुसतं सांगण्यावरून नेहमीच कळत नाही, तपासावं लागतं. आमच्या डॉक्टरबाई पडदा ओढून, आधी काय करणार ते सांगून मगच हात लावतात. मावशींना पाच बाळंतपणं झालेली, पण आतून तपासणी आयुष्यात पहिल्यांदाच. हिरवं किट मिळालं आणि पिशवी जाग्यावर राहिली. गर्भाशयाच्या मुखाची ॲसिटिक ॲसिड लावून तपासणीही त्याच वेळी झाली. ती तिशीनंतर प्रत्येकीची व्हायला हवी.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची अशी तपासणी केली होती. १९८९ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. ९२ टक्के बायांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. आपल्याच विदर्भातल्या या आकड्यांनी जगाला ग्रामीण बाईच्या या दुखण्याकडे पाहायला लावलं. इतक्या वर्षांनंतर माझ्यासमोरची बाई 'पहिल्यांदाच' म्हणते तेव्हा मला राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

मावशींच्या मागे दोघीतिघी लघवीची जळजळ घेऊन आलेल्या. "उन्हाळी लागली," म्हणतात, धण्याचं पाणी पिऊन पाहिलेलं असतं. वावरात दिवसभर आडोसा नाही, म्हणून पाणी कमी प्यायचं आणि लघवी दाबून ठेवायची. बाईची मूत्रनळी जेमतेम चार सेंटीमीटरची, आतड्यातला ई-कोलाय जंतू मूत्राशयापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. हा गुप्तरोग नाही हे ऐकूनच एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. महिनाभर सासू तिचं ताट वेगळं ठेवत होती. सासूला पुढच्या वेळी सोबत आणायला सांगितलं. ताप, थंडी, कुशीत दुखणं असेल किंवा बाई गरोदर असेल, तर मात्र धण्याच्या पाण्यावर एक दिवसही काढायचा नाही.

१२.४०

पुरुषांची रांग भराभर सरकते. जांघेत गोल चट्टे घेऊन आलेले दोघं, लग्न मोडेल या धास्तीनं काळवंडलेले. निघालं गजकर्ण. तीन-तीन औषधं एकत्र केलेलं स्टिरॉइडचं मलम चोळून ते चांगलंच पसरवलेलं.

अकोटकडचे एक काका, पन्नाशीचे, चामडीला चिरा पडतात म्हणून आले. बाहेरची कुठलीच भानगड नाही, असं तीनतीनदा सांगत होते. मी म्हटलं, "काका, मी विचारलंच नाही. बोट द्या." साखर तीनशेच्या वर. बुरशीला साखर मानवते, आणि पुरुषात मधुमेहाची पहिली खूण कधीकधी इथंच दिसते. त्यांना मलम मिळालं आणि मेडिसिनच्या ओपीडीची चिठ्ठी.

तेल्हाऱ्याचा एक जण कंबरेतून जांघेत येणारी कळ गुप्तरोगाची समजत होता. बहुधा मूतखडा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातला माणूस मूतखड्याचा दोष पाण्याच्या खारेपणाला देतो. मी तो दिवसाकाठी पाणी किती पितो तेही विचारते. सोनोग्राफीला पाठवलं.

१.४५

डबा. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा.

२.२०

होस्टेलचा एक पोरगा, एकोणिसाचा. "धातू जाते." वजन घटतं, अभ्यासात लक्ष लागत नाही, सगळं त्यानंच. एसटी स्टँडच्या भिंतीवरचा नंबर फिरवला होता. महिन्यातून एकदा लॉजवर उतरणाऱ्या 'तज्ज्ञा'नं त्याच्याकडून मेसचे पैसे काढून घेतले आणि एक पुडी दिली. त्याला आजार कुठलाच नव्हता. डॉ. विग या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० मध्ये या धास्तीला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. झोपेत वीर्य जाणं म्हणजे काय, शक्ती त्यात साठत का नाही, हे त्याला चित्र काढून दाखवलं. अर्धा तास गेला, आणि माझ्या दिवसातला तो सर्वांत चांगला अर्धा तास होता. उदासी मात्र खरी वाटली, म्हणून मानसोपचार विभागात स्वतः सोबत जाऊन आले.

३.१५

जोडपं. तिला पाचवा महिना, गरोदरपणाच्या तपासणीत व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली, १:३२. दुसऱ्या चाचणीनं पक्कं केलं, सिफिलिस. लोकांच्या भाषेत गरमी. तिला त्रास काहीच नाही. त्याला वर्षापूर्वी एक फोड आला होता. "दुखलाच नाही तं दाखोला नाही. आपोआप गेला."

याच आपोआप जाण्यात सगळा घात आहे. हा फोड दुखत नाही, काही आठवड्यांत भरून येतो, आणि रोग रक्तात राहतो. बाईकडे जातो, तिच्याकडून पोटातल्या बाळाकडे. औषध मिळालं नाही तर मूल पोटातच दगावू शकतं किंवा आजार घेऊन जन्मतं.

ती मला म्हणाली, "ताई, मले कुठून आलं हे?"

उत्तर माझं नव्हतं. दोघांशी वेगवेगळं बोलून झालं होतं, आता पुन्हा एकत्र होते. २०१७ चा कायदा एचआयव्हीबाबत गुप्ततेची सक्ती करतो, मी ती प्रत्येक आजाराला पाळते. मी त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ गेला. मग त्यानंच सांगितलं, पुण्याला कामाला होतो तेव्हाचं आहे, चूक माझी. ती काही बोलली नाही. रडलीही नाही. थोड्या वेळानं एवढंच विचारलं, "बाळ वाचते ना?"

वाचतं, हे मी तिला खात्रीच्या आवाजात सांगू शकले. १९४३ मध्ये महोनी या डॉक्टरांनी पेनिसिलिननं हा आजार बरा होतो हे दाखवलं, आणि गरोदर बाईसाठी आजही तेच औषध.

आधी हातावर चाचणीचा टिपका, मग अर्धा तास वाट पाहणं. कुपीत पाणी सोडून सिस्टरनं ती खूप हलवली, पांढरी भुकटी दुधासारखी दाट झाली. हे औषध सुईत अडकतं, म्हणून जाड सुई आणि सावकाश हात. २४ लाख युनिट, अर्धं या कुल्ल्यावर, अर्धं त्या. संसर्ग नेमका कधीचा हे ठरवता येत नव्हतं, म्हणून दर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, दोघांनाही. तिला रात्रभर देखरेखीसाठी स्त्री रुग्णालयात ठेवलं. पहिल्या इंजेक्शननंतर चोवीस तासांत ताप येऊ शकतो आणि गरोदर बाईच्या पोटात कळाही येऊ शकतात.

५.२०

रजिस्टर. नावाऐवजी नंबर. सिफिलिस, परमा, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास, हे चारही बरे होणारे आजार. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२० या एका वर्षात त्यांचे ३७ कोटी ४० लाख नवे संसर्ग झाले. माझ्या रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात 'जोडीदार आला/आली का' असं लिहिलेलं आहे. आज तिथं एकच 'होय'.

रात्री ८.५०, बडनेरा

क्लिनिकचा मोबाइल वाजला. पाचव्या महिन्यावालीचा नवरा, स्त्री रुग्णालयाच्या व्हरांड्यातून.

"मॅडम, अंग फणफणलं जी. थंडी वाजून रायली. इंजेक्शन उलटलं का?"

"नाही. औषधानं जंतू मरतात तेव्हा असा ताप येतो, उद्यापर्यंत उतरेल. पॅरासिटामॉल घे, पाणी पी. श्वास कोंडला किंवा अंगावर गांधी उठल्या तर लगेच कॅज्युअल्टीत जा. तिला कसं आहे?"

"तिनं बोलणं नाही ठेवलं."

"बोलेल तेव्हा बोलेल. आत्ता सिस्टरला विचार, तिला ताप आहे का, पोटात कळा येतात का. मी फोन चालू ठेवते."

त्याच्या चपलांचा आवाज, मग सिस्टरचा. ताप थोडा, कळा नाहीत, डॉक्टर पाहून गेल्या.

"पुढचं इंजेक्शन बुधवारीच ना?"

"बुधवारी, साडेनऊला. दोघंही. आणि तीन इंजेक्शनांवर संपत नाही, रक्त पुन्हा तपासायचं. १:३२ चं १:८ वर आलं पाहिजे. बाळ झालं की त्याचंही रक्त."

"लिहून घेतो जी. थांबा, पेन पाहतो."