गिरणीचा आवाज शेजाऱ्याच्या घरात किती पोहोचेल?

नांदेड व लातूर या जिल्ह्यांचे अर्थकारण कापूस, तूर, हरभरा आणि सोयाबीन या पिकांभोवती फिरते. लातूर-उदगीरच्या डाळमिल दूरवर प्रसिद्ध आहेत. नांदेड जिल्ह्यात कापूस निघाला की जिनिंगची धडधड सुरू होते. शेतमालावर जिल्ह्यातच प्रक्रिया व्हावी, हे सर्वथा इष्ट होय. तथापि नव्या गिरणीचा प्रस्ताव येतो तेव्हा जागा, वीज, पाणी आणि रस्ता यांची कसून चौकशी होते. आवाजाची चौकशी मात्र यंत्र सुरू झाल्यावर, शेजारी तक्रार घेऊन आला म्हणजेच होते. तोवर उद्योजकाने कर्ज उचललेले असते, पाया भरलेला असतो. मग निर्णय कसाही लागो, एका पक्षाची हानी अटळ ठरते.

वास्तविक आवाजाचा अंदाज आधी बांधता येतो, आणि त्यासाठी फार मोठ्या सामग्रीची गरज नसते.

प्रथम कायद्याची मर्यादा पाहू. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रहिवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, व्यापारी क्षेत्रात ६५ व ५५, औद्योगिक क्षेत्रात ७५ व ७०, आणि घोषित शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबल अशी मानके ठरलेली आहेत. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या नियमांतील एक तरतूद पंचायत सदस्यांनी विशेष लक्षात ठेवावी. मानकापेक्षा आवाज १० डेसिबल वा त्याहून अधिक वाढला, म्हणजे प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त आणि पोलीस उपअधीक्षक वा त्यावरील दर्जाचे अधिकारी यांचा प्राधिकाऱ्यांत समावेश होतो. याचाच अर्थ असा की, रात्री ४५ ची मर्यादा असलेल्या वस्तीत आवाज ५० वर गेला, तरी या मार्गाने दाद मागण्याची पातळी अजून गाठलेली नसते. शेजाऱ्याची झोप मात्र त्याआधीच उडालेली असते. म्हणूनच परवानगीपूर्वीची तपासणी नंतरच्या तक्रारीपेक्षा अधिक मोलाची आहे.

डेसिबलची बेरीज नेहमीच्या अंकगणिताने होत नाही. ६० डेसिबलच्या दोन गिरण्या शेजारी-शेजारी चालल्या तर आवाज १२० होत नाही, ६३ होतो. उलट १० डेसिबलची वाढ कानाला जवळजवळ दुप्पट भासते. अंतराचा हिशेबही असाच आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की यंत्राचा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. समजा, एखाद्या डाळमिलचा आवाज १० मीटरवर ८० डेसिबल आहे. तो २० मीटरवर ७४, ४० वर ६८, ८० वर ६२, १६० वर ५६ आणि ३२० मीटरवर ५० डेसिबल राहील. ४५ च्या खाली येण्यास अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर लागेल! ‘गिरणी गावाबाहेर आहे’ एवढ्याने समाधान मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

अर्थात यंत्र इमारतीत असते व भिंत आवाज अडवते. विटांची नऊ इंची भिंत पुष्कळच अडवते, पत्र्याची शेड फार थोडा. परंतु खरी मेख उघड्या जागेत आहे. भिंतीचा दहावा हिस्सा उघडा राहिला, तर उरलेली भिंत कितीही जाड असो, एकूण घट १० डेसिबलपलीकडे जात नाही. मालाच्या गाड्या आत घेण्यासाठी शटर वर केलेले असते, धूळ बाहेर जावी म्हणून खिडक्या मोकळ्या ठेवतात, आणि ब्लोअर बहुधा भिंतीबाहेरच बसवलेला असतो. नकाशातील भिंतीवरून अनुमान काढणे त्यामुळे फसवे ठरते. शटरचे तोंड कोणाच्या घराकडे आहे, हा प्रश्न आधी विचारावा.

आपल्या भागातील आणखी दोन गोष्टी अंदाजात धराव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवांत झोपेसाठी खोलीत ३० डेसिबलपेक्षा अधिक आवाज नसावा. बाहेर ४५ असला तर अर्धवट उघड्या खिडकीमुळेही सुमारे १५ डेसिबल कमी होतात, असा त्यामागील हिशेब आहे. पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात माणसे खोलीत कुठे झोपतात? ती माळवदावर, गच्चीवर किंवा अंगणात झोपतात. तेथे हे १५ डेसिबल वजा होत नाहीत. दुसरे असे की, जिनिंगचा हंगाम हिवाळ्यात भरात असतो. निरभ्र, वारा पडलेल्या थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते. त्यामुळे वर जाणारा ध्वनी खाली वळतो व दूरवर ऐकू येतो. दुपारी न जाणवणारी गिरणी पहाटे उशाशी आल्यासारखी वाटते, ती यामुळेच.

शिक्षकांसाठी वेगळा आकडा आहे. वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा, अशी त्याच संघटनेची शिफारस आहे. हंगामाचा उत्तरार्ध आणि दहावी-बारावीच्या परीक्षा एकत्र येतात, हेही ध्यानात असावे. शाळेभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र ठरते, असा समज सर्वत्र आढळतो; परंतु २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाने तसे अधिसूचित करणे आवश्यक झाले आहे.

प्रत्यक्ष तपासणी अशी करावी. प्रस्तावित जागेच्या सर्वांत जवळच्या घराच्या हद्दीवर, गिरणी नसताना, रात्री ११ ते पहाटे ४ या वेळेत ध्वनिमापक यंत्राने मोजणी करावी. तीही एका रात्रीवर न थांबता दोन-तीन रात्री व्हावी. त्यानंतर त्याच क्षमतेच्या चालू गिरणीवर जाऊन, पूर्ण भार असताना, शटर उघडे ठेवून मोजावे आणि वरच्या रीतीने अंतराचा हिशेब करावा. ब्रिटनमध्ये १९६७ पासून यासाठी एक मानक वापरात आहे. त्याच्या सध्याच्या आवृत्तीत मूळ शांततेपेक्षा उद्योगाचा आवाज सुमारे ५ डेसिबलने अधिक असल्यास त्रास संभवतो व १० ने अधिक असल्यास तो गंभीर असू शकतो, असे मानतात. आवाजात शिट्टीसारखा सूर किंवा ठोके असतील तर काही डेसिबल वाढवून धरतात. आपल्याकडे हा नियम नाही. पण निर्णयासाठी मोजपट्टी म्हणून तो उपयोगी आहे.

अंदाज प्रतिकूल आला म्हणजे प्रस्ताव फेटाळावा, असे मुळीच नव्हे. शटरची दिशा बदलणे, ब्लोअरला आवरण व ध्वनिशोषक बसवणे, यंत्राखाली रबरी बैठक देणे, रात्रीची पाळी न चालवणे, गाड्यांची ये-जा ठराविक वेळेत ठेवणे हे उपाय पाया खणण्यापूर्वी स्वस्त पडतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीची गरज असलेल्या उद्योगांच्या बाबतीत हे आकडे अर्जाबरोबरच मंडळाकडे द्यावेत. मूळ मोजणीची नोंद, तारीख-वेळेसह, ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी. पुढे यंत्र बदलले, दुसरी पाळी सुरू झाली किंवा गिरणीजवळ नवी घरे उभी राहिली, तर दोन्ही पक्षांना तुलनेसाठी तोच आकडा लागणार आहे.